महामार्गाकाठचे महाकाय केळे

सिडनीहून ब्रिस्बेनकडे जाणाऱ्या पॅसिफिक महामार्गाने पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर कापल्यावर कॉफ्स हार्बर हे समुद्रकाठचे शहर लागते. शहराच्या उत्तर टोकाला, रस्त्यालगत, पिवळ्याधमक रंगाचे एक केळे आडवे पहुडले आहे. त्याची लांबी सुमारे १३ मीटर आणि उंची ५ मीटर आहे. त्याच्या पोटातून आरपार चालत जाता येते. डिसेंबर १९६४ मध्ये उभारलेले हे केळे पाहण्यासाठी आज तिसऱ्या पिढीतील कुटुंबे गाडी थांबवतात आणि आजोबांनी जेथे छायाचित्र काढले होते, तेथेच नातवंडांचे छायाचित्र काढतात.

ऑस्ट्रेलियात अशा शिल्पांना ‘बिग थिंग्ज’ म्हणजे ‘महाकाय वस्तू’ या नावाने ओळखले जाते. अननस, मेंढा, कोळंबी, शेवंड, आंबा, गिटार अशा दीडशेहून अधिक वस्तू देशभर विखुरलेल्या आहेत. सुट्टीत मोटारीने फिरताना त्यांपैकी किती पाहून झाल्या, याची नोंद ठेवणारे हौशी प्रवासीही पुष्कळ आहेत. मात्र या वस्तू केवळ गंमत म्हणून उभ्या राहिलेल्या नाहीत. त्यांच्यामागे रस्ता आणि गाव यांच्या नात्याचे एक साधे अर्थशास्त्र आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात सामान्य कुटुंबांकडे मोटारी आल्या. शहरांमधील अंतरे मोठी असल्याने प्रवास दिवस-दिवस चाले. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. अशा वेळी रस्त्याकडेची छोटी पाटी वाचून, विचार करून थांबण्यास चालकाला वेळच मिळत नाही. दुरून दिसणारे, न वाचताही कळणारे आणि मागच्या आसनावरील मुलांना गाडी थांबवण्याचा हट्ट धरायला लावणारे असे काहीतरी हवे होते. १९६३ मध्ये ॲडलेड येथील एका मोटेलवर उभारलेला ५ मीटर उंचीचा स्कॉटिश वेशातील पुरुष हा या परंपरेतील पहिला मानला जातो. कॉफ्स हार्बरच्या केळ्यामागेही हाच हिशेब होता. जॉन लँडी यांचे महामार्गालगत केळीविक्रीचे दुकान होते. हवाई बेटांवरील महाकाय अननसावरून त्यांना ही कल्पना सुचली.

या केळ्याच्या परिसराशी भारताचाही संबंध आहे. कॉफ्स हार्बरच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर वूलगूलगा हे गाव आहे. तेथील केळीच्या बागांमध्ये १९४० च्या दशकापासून पंजाबी शीख कुटुंबांनी कष्ट केले. पुढे त्यांतील अनेकांनी स्वतःच्या बागा घेतल्या. १९६८ मध्ये याच गावात उघडलेला गुरुद्वारा ऑस्ट्रेलियातील पहिला म्हणून ओळखला जातो.

रस्त्याने ज्यांना जन्म दिला, त्या वस्तूंचे भवितव्यही रस्त्यानेच ठरवले. गोलबर्न येथील मेंढ्याची कथा याबाबतीत बोलकी आहे. सिडनी आणि मेलबर्न यांना जोडणाऱ्या ह्यूम महामार्गावरील हे गाव लोकरीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. १९८५ मध्ये तेथे १५.२ मीटर उंच, १८ मीटर लांब आणि ९७ टन वजनाचा काँक्रीटचा मेरिनो मेंढा उभारण्यात आला. त्याच्या पोटात लोकरीच्या इतिहासाचे प्रदर्शन आणि विक्री केंद्र होते. मात्र डिसेंबर १९९२ मध्ये गावाबाहेरून बाह्यवळण रस्ता सुरू झाला. गावातून अवजड वाहनांची वर्दळ हटल्याने रहिवाशांना दिलासा मिळाला, पण मेंढ्यापाशी थांबणाऱ्या गाड्याही आटल्या. अखेर २००७ च्या मे महिन्यात हा मेंढा जागेवरून उचलून सुमारे ८०० मीटर दूर, नव्या महामार्गावरून गावात उतरणाऱ्या रस्त्याजवळ नेऊन ठेवण्यात आला. रस्ता गावाकडे येईना, तेव्हा गावाने आपला मेंढाच रस्त्याकडे नेला!

बालिना येथील कोळंबीवर तर पाडून टाकण्याचीच वेळ आली होती. मासेमारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती उभी राहिली. कालांतराने तिच्याखालील प्रवासी थांबा ओस पडला, रंग उडाला. २००९ मध्ये स्थानिक परिषदेने ती पाडण्यास अनुमती दिली. एरवी या कोळंबीला कुरूप म्हणून हिणवणाऱ्यांनाही ती नाहीशी होणे रुचले नाही आणि नागरिकांनी विरोध केला. पुढे बांधकाम साहित्य विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीने ती जागा घेतली आणि २०१३ मध्ये कोळंबीची डागडुजी केली. मूळ शिल्पाला शेपूट नव्हते. ते या वेळी प्रथमच जोडण्यात आले.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील किंग्स्टन येथे १९७९ पासून उभ्या असलेल्या १७ मीटर उंचीच्या शेवंडाला लोक प्रेमाने ‘लॅरी’ म्हणतात. आराखड्यातील फूट कारागिरांनी मीटर समजून वाचले, म्हणून तो एवढा मोठा झाला, अशी दंतकथा तेथे सांगितली जाते. लोखंडी सांगाड्यावर फायबर ग्लासचे कवच असलेल्या अशा शिल्पांना ऊन, पाऊस आणि समुद्राची खारी हवा सतत झिजवत असते. त्यांची निगा हा कायमचा खर्च असतो आणि एखाद्या दुकानाच्या उत्पन्नातून तो भागतोच असे नाही. लॅरीच्या दुरुस्तीसाठी २०१६ मध्ये लोकवर्गणीची मोहीम राबवावी लागली.

जाहिरात म्हणून जन्मलेल्या या वस्तूंना आता वारशाचा दर्जा मिळू लागला आहे. ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्याने २००७ मध्ये केळे, अननस, मेंढा, शेवंड आणि सोनेरी गिटार यांच्यावर तिकिटे काढली. क्वीन्सलँडमध्ये १९७१ साली उभारलेल्या १६ मीटर उंचीच्या अननसाची २००९ मध्ये राज्याच्या वारसा नोंदवहीत नोंद झाली. ऐतिहासिक इमारतींच्या पंक्तीत एका फायबर ग्लासच्या फळाला स्थान मिळावे, याचे कारण त्याच्या कलागुणांपेक्षाही लोकांच्या आठवणींत आहे. त्या प्रदेशात काय पिकत होते आणि सामान्य कुटुंबे सुट्टी कशी घालवत होती, याची ती साक्ष आहे.

कॉफ्स हार्बरमध्ये ही साक्ष अधिकच मोलाची ठरते. ऑस्ट्रेलियातील केळीचे उत्पादन बहुतांशी क्वीन्सलँडच्या उत्तर भागात गेले असून कॉफ्स हार्बरच्या डोंगरउतारांवर आता ब्लूबेरीची लागवड पुढे गेली आहे. बागा घटल्या, पण केळे राहिले. २०२० च्या दशकात या शहराबाहेरूनही १४ किलोमीटर लांबीच्या आणि तीन बोगदे असलेल्या बाह्यवळण रस्त्याचे काम हाती घेण्यात आले. केळ्याभोवती आता जलक्रीडेची आणि मनोरंजनाची साधने उभी आहेत. त्यामुळे ते केवळ येता-जाता दिसण्यावर अवलंबून राहिलेले नाही. महामार्ग दूर गेल्यावर तेथे पोहोचण्यासाठी मात्र प्रवाशाला वाट वाकडी करावी लागेल. साठ वर्षांपूर्वी हे केळे वाटेवर भेटत असे; यापुढे ते आवर्जून भेटायला जाण्याचे ठिकाण असेल.