वीज उतरणार कुठे?

इगतपुरीला जुलैत दिवसचे दिवस पाऊस हटत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरचा आकडा सहज ओलांडला जातो. पण त्या झडीत आभाळ फारसं कडाडत नाही. सह्याद्रीला टेकून बरसणारे भर पावसाळ्यातले ढग उंचीला बेताचे असतात. विजेसाठी ढगाचा माथा गोठणपातळीच्या बराच वर जावा लागतो आणि तिथे बर्फाचे कण व गारा एकमेकांवर आपटाव्या लागतात. तसे उंच ढग नाशिकच्या आभाळात चढतात ते एप्रिल-मेच्या दुपारी, वळिवाच्या आधी, आणि नंतर परतीच्या वाटेवर, हस्ताच्या पावसात.

वळीव येतो तेव्हा जमीन वर्षातली सगळ्यात कोरडी असते. निफाडकडच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि त्र्यंबक-इगतपुरीकडे तर मातीचा पातळ थर संपला की थेट काळा कातळ. ज्या महिन्यात वीज जमिनीत उतरवायची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच महिन्यात जमीन तिला आत घ्यायला तयार नसते. या जिल्ह्यात ज्यांनी तारायंत्रं, रेल्वेची ब्लॉक यंत्रं (दोन स्थानकांमधल्या गाड्यांवर नियंत्रण ठेवणारी) आणि पुढे टेलिफोन सांभाळले, त्यांच्यासमोरचा खरा प्रश्न हा होता. वीजरोधकाच्या शोधाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे; त्या रोधकाच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला खणलेल्या खड्ड्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम त्या खड्ड्यानंच केलं.

भारतात तारेची सुरुवात करणारे विल्यम ओ'शॉनेसी मूळचे डॉक्टर, कलकत्त्यात रसायनशास्त्र शिकवणारे. १८३०च्या दशकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या कोठारांवर वीजवाहक बसवावेत की नाहीत, बसवले तर इमारतीला चिकटून की लांब, हा वाद कंपनी सरकारात पेटला, तेव्हा सल्ला देणाऱ्यांत हेच होते. म्हणजे तारा टाकण्याआधीच या माणसानं विजेचा अभ्यास केला होता. १८५१ मध्ये त्यांनी कलकत्ता ते डायमंड हार्बर तार टाकली ती साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी सळईची: वादळानं तुटू नये, माकडं लोंबकळली तरी हलू नये म्हणून. १८५३च्या अखेरीस मोठ्या तारांचं काम सुरू झालं आणि १८५५च्या फेब्रुवारीत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास जोडणारी सेवा लोकांना खुली झाली. मुंबई-आग्रा तार इंदूरमार्गे गेली. १८६५ मध्ये जीआयपी रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला पोचली आणि रुळांच्या कडेनं रेल्वेची स्वतःची तारही वर आली.

एवढी लांब तार खांबांवर उघडी टांगली, की तिच्यावर वीज थेट पडायचीही गरज उरत नाही. जवळपास कुठे पडली तरी तारेत क्षणात हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो आणि तो दोन्ही टोकांकडे धावत सुटतो. टोकाला असतं यंत्र. युरोपात तारा टाकणाऱ्यांना हे लगेच कळलं होतं. पॅरिसजवळच्या एका रेल्वे तारेवर विजेनं यंत्रं जाळल्यावर लुई ब्रेगे यांनी १८४७ मध्ये यंत्राच्या आधी अगदी बारीक तारेचा तुकडा घालायची युक्ती काढली. जळायचं तर तो तुकडा जळेल, यंत्र वाचेल. त्याच सुमारास दुसरी युक्ती आली: लाइनला जोडलेली एक धातूची पट्टी, जमिनीला जोडलेली दुसरी, मधे अगदी थोडी हवा. रोजचा संदेश ती फट ओलांडू शकत नाही, विजेचा दाब मात्र ठिणगी होऊन पलीकडे जातो. धरणाला सांडवा असतो तसं हे. आपल्या रेल्वेच्या सिग्नल खात्यात या जोडपट्टीला आजही ‘लायटनिंग डिस्चार्जर’ म्हणतात. ब्लॉक यंत्राच्या लाइनवर करवतीसारखे दाते पाडलेल्या तिच्या पट्ट्या जुन्या माणसांनी वर्षानुवर्षं घासून साफ केल्या आहेत.

बेल यांना टेलिफोनचं पेटंट ७ मार्च १८७६ रोजी मिळालं आणि २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबईत एक्सचेंज सुरू झालं. तारायंत्राच्या मानानं टेलिफोन फार नाजूक. रिसीव्हरमधली केसासारख्या तारेची गुंडाळी एका झटक्यात जळून जायची. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे टेलिफोन माणूस कानाला लावतो. तारमास्तरचं फक्त बोट चावीवर असे. एक्सचेंजमधली ऑपरेटर मात्र तासन्‌तास हेडसेट डोक्याला अडकवून बसलेली असे आणि लाइनवर आलेला झटका कर्कश कडकडाट होऊन थेट तिच्या कानात जाई. त्यामुळे टेलिफोनच्या संरक्षणाची बांधणी तारायंत्रापेक्षा बारकाईनं करावी लागली.

जुन्या बाजारातून आणलेला एक प्रोटेक्टर हे लिहिताना माझ्या टेबलावर आहे. उघड्या तारेवरून लाइन येणाऱ्या घरात दाराशेजारी भिंतीवर असे प्रोटेक्टर बसवत. बैठक चिनी मातीची, पांढरी, एका कोपऱ्याला टवका उडालेली. दोन बाजूंना दोन फ्यूज, लाइनच्या प्रत्येक तारेला एक. मधे पितळी स्प्रिंगमध्ये दाबून बसवलेल्या कार्बनच्या दोन जोड्या. जोडीतले दोन चौकोनी ठोकळे एकमेकांवर ठेवलेत, पण ते भिडत नाहीत. त्यांच्यामध्ये अभ्रकाची चकती आहे, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून किंचित जाड, आणि मध्यभागी भोक असलेली. त्या भोकापुरताच कार्बनला कार्बन दिसतो. एक ठोकळा लाइनला, दुसरा मधल्या स्क्रूला. त्या स्क्रूवर हिरवा गंज चढलाय. तिथूनच तार भिंतीवरून खाली जमिनीत जात असे. ठोकळे सुटे केले तर एका जोडीच्या आतल्या अंगावर बारीक खड्डे दिसतात आणि भोवती काजळी.

या फटीचे आणि दाबाचे आकडे नीट जमवावे लागतात. एक्सचेंजची बॅटरी सुमारे ५० व्होल्टची. घंटी वाजते ती ७५ व्होल्टच्या आसपासच्या एसी दाबावर. या दोन्हींना कार्बनच्या फटीनं दाद द्यायची नाही, पण साडेतीनशे-चारशे व्होल्टच्या पुढे दाब गेला की लगेच ठिणगी पाडायची. काही ठोकळ्यांत लवकर वितळणाऱ्या धातूचा थेंब बसवलेला असे. ठिणगी थांबली नाही, तारेवर वीजपुरवठ्याची लाइनच येऊन पडली, तर तो थेंब वितळून लाइन कायमची जमिनीला जोडली जाई. मग टेलिफोन बंद, पण घर शाबूत. तिसरी राखण एक्सचेंजमध्ये, एमडीएफच्या चौकटीवर. बाहेरच्या केबलच्या जोड्या तिथे येतात आणि जंपर वायरनं आतल्या यंत्रणेला जोडल्या जातात. तिथे हीट कॉइल बसवत. अर्ध्या ॲम्पियरच्या आसपासचा प्रवाह फ्यूज उडवायला कमी पडतो. पण तो काही मिनिटं वाहत राहिला तर यंत्रातली गुंडाळी भाजून निघते. हीट कॉइल अशा चोरपावलांच्या प्रवाहासाठी. फ्यूज, कार्बन, हीट कॉइल अशी तिघांची राखण, आणि प्रत्येकाचा शत्रू वेगळा.

वळिवाच्या चार-दोन वादळांनंतर कार्बनची भुकटी त्या भोकात साचे आणि लाइनवर खरखर सुरू होई. कधी लाइन पुरती ‘अर्थ’ होई. वादळ ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन एमडीएफवर बसून ठोकळे काढत, पुसत, बदलत. वीज कशी अडवली याचं श्रेय द्यायचं झालं तर ते या हातांना द्यायला हवं.

पण ठिणगी पडली आणि वीज मधल्या स्क्रूपर्यंत आली, तरी काम निम्मंच झालं. विजेच्या एका झोतात सर्वसाधारणपणे ३० हजार ॲम्पियर प्रवाह असतो. रेल्वेत सिग्नल यंत्रणेच्या अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत असावा लागतो. चांगलं अर्थिंग म्हणतात ते हेच. त्यातून हा अख्खा प्रवाह गेला असं धरलं तर गुणाकार येतो तीन लाख व्होल्ट. म्हणजे नियमात बसणारं अर्थिंग असूनही त्या क्षणी ती जमीन, ती इमारत, ते यंत्र, सगळंच लाखो व्होल्टवर चढतं. रोध १०० ओहम असेल तर विचारायलाच नको.

आणि नाशिकच्या जमिनीत १०० ओहम ही काही नवलाची गोष्ट नाही. ओल धरलेली काळी माती वीज उत्तम वाहून नेते; तिची रोधकता १० ओहम-मीटरच्या आसपास येते. कोरड्या, अभंग बेसाल्टची शेकड्यांत जाते, हजारांतही जाते. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून बनलेला हा दख्खनचा कातळ किल्ल्यांना आणि पांडवलेण्यांना वरदान ठरला, टेलिफोनला मात्र जाच. काळी माती वर्षभर ओली राहिली असती तरी निभावलं असतं. पण उन्हाळ्यात ती आकसते, अर्थिंगसाठी पुरलेल्या नळीपासून सुटते आणि नळीभोवती हवेची पोकळी उरते.

यावरचे उपाय साधे होते आणि कष्टाचे. अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ खड्ड्यात उभा करायचा, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर आलटून पालटून भरायचे, वर नरसाळं आणि झाकण असलेली चौकट बांधायची आणि उन्हाळाभर त्यात पाणी ओतायचं. कातळ लागला आणि अडीच मीटर खोल जाता आलं नाही, तर आडवा चर खणून त्यात लांब पट्टी पुरायची, किंवा नाल्याकाठची ओलीची जागा शोधून तिथपर्यंत तार न्यायची. तारायंत्राच्या काळात तांब्याची पट्टी विहिरीत सोडायची पद्धत होती. पण कातळात खोदलेल्या विहिरीत भरपूर पाणी असलं तरी ते पाणी दगडाच्या भांड्यातच असतं. भोवतालच्या जमिनीशी त्याचा विजेच्या अर्थानं संबंध बेताचाच. म्हणून विहीर दिसली की प्रश्न सुटला, असं होत नसे.

रोज पाणी घालण्यामागे आणखी एक कारण होतं. सुरुवातीच्या कित्येक लाइनी एकाच तारेवर चालत आणि परतीचा प्रवाह जमिनीतून येई. जमीन सुकली की वीज उतरायची वाट अडेच, पण बोलणंही क्षीण होई, रेल्वेचं यंत्र धड चाले ना. संदेशाची परतीची वाट आणि विजेची उतरायची वाट एकच, म्हणून त्या खड्ड्याकडे रोज लक्ष जाई. पुढे दुहेरी तार आली, जमिनीची रोजची गरज संपली आणि खड्ड्याकडे पाहणारी नजरही हळूहळू कमी झाली. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

इगतपुरीनं या सगळ्यात आणखी एक गुंता घातला. १९३० पर्यंत कल्याणहून इगतपुरीपर्यंत १५०० व्होल्ट डीसीवर गाड्या धावू लागल्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे २५ हजार व्होल्ट एसीचं विद्युतीकरण झालं. अनेक दशकं या दोन पद्धती इगतपुरीच्या फलाटांवर एकमेकींना भेटत होत्या. डीसीचा परतीचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि पुरलेल्या केबलचं आवरण खातो. एसीचा त्रास निराळा: समांतर जाणाऱ्या टेलिफोनच्या तारेत तो लांबूनच दाब निर्माण करतो. एरवी नुसती घरघर ऐकू येते, पण ओव्हरहेड तार जमिनीला टेकली तर हजारो ॲम्पियर धावतात आणि शेजारच्या टेलिफोन तारेत शेकडो व्होल्ट उभे राहतात. वीज मायक्रोसेकंदांत ओसरते. हा दाब ब्रेकर पडेपर्यंत टिकतो. म्हणून अशा मार्गांवरच्या तारा खांबांवरून उतरवून ॲल्युमिनियमच्या आवरणाच्या केबलमध्ये जमिनीखाली घालाव्या लागल्या. उच्चदाबाच्या लाइनी टेलिफोनजवळून नेताना पीटीसीसी ही वीज आणि दूरसंचार खात्यांची संयुक्त समिती हिशोब तपासते; बिघाडाच्या वेळी टेलिफोन तारेतला दाब सर्वसाधारणपणे ४३० व्होल्टच्या पुढे जाऊ नये, असा तिचा दंडक आहे. त्या हिशोबात जमिनीची रोधकता मोजून घालावी लागते. जमीन जितकी कमी वाहक, तितका परतीचा प्रवाह खोल आणि दूरवर पसरतो, आणि तितक्या लांबच्या तारेला त्याची झळ लागते. विजेला वाट न देणारा कातळ इथेही आडवा येतो.

जुन्या यांत्रिक धाटणीच्या स्ट्रोजर एक्सचेंजमधले रिले दणकट होते. १९८४ मध्ये सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र स्थापन झालं, १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यांचं पहिलं ग्रामीण एक्सचेंज सुरू झालं आणि मग छोटी इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजेस देशभर खेडोपाडी पोचली. आतल्या चिपला काही व्होल्टचा जादा दाबही सोसत नाही. कार्बनची जागा जीडी ट्यूबनं घेतली. बंद नळीत निष्क्रिय वायू, दोन टोकं, ठरलेल्या दाबाला आतला वायू वाहक होतो आणि पुन्हा पूर्ववत. भुकटी नाही, खरखर नाही. राखण जास्त चोख झाली, पण तिचा स्क्रू अजून त्याच जमिनीला जोडलेला.

घरांमध्ये मात्र एक नवाच घोळ झाला. जुन्या टेलिफोनला फक्त लाइन जोडलेली असे. नव्वदच्या दशकात उत्तर देणारी यंत्रं आली, फॅक्स आले, मग मोडेम: एका बाजूनं टेलिफोनची लाइन, दुसऱ्या बाजूनं घरातल्या विजेचा प्लग. आसपास वीज पडली की घराची जमीन हजारो व्होल्टवर चढते. टेलिफोनची तार मात्र कित्येक किलोमीटर दूरच्या एक्सचेंजच्या जमिनीशी बांधलेली, ती तिथेच राहते. हा फरक पार करण्यासाठी विजेला मधे एकच वस्तू सापडते, तो मोडेम. आमच्या गल्लीत वळिवाच्या पहिल्या कडकडाटानंतर मोडेम गेले, साधे टेलिफोन वाचले, ते या कारणानं. उपाय एकच: टेलिफोनचं आणि विजेचं अर्थिंग घरात एका ठिकाणी बांधायचं, म्हणजे दोन्ही एकत्र चढतील, एकत्र उतरतील. फार थोड्या घरांत ते केलेलं असतं.

खेड्यात अजूनही पायाळू माणसावर वीज पडते असं म्हणतात आणि गडगडलं की त्याला घरात बसवतात. विजेच्या वेळी तारेच्या टेलिफोनपासून दूर राहा हा सल्लाही त्याच घरांमध्ये पाळला जात असे, आणि तो पूर्णपणे बरोबर होता. आता पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विजा टिपणाऱ्या संवेदकांचं जाळं उभारलं आहे आणि दामिनी ॲप मोबाइलवर आधीच इशारा देतं. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तर उच्चदाबाच्या लाइनींसाठीचे झिंक ऑक्साइडचे वीजरोधक तयार होतात. कार्बनच्या फटीसारखी ठिणगी न पाडता दाब वाढताच आपणहून वाहक होणारी त्यांच्यातली झिंक ऑक्साइडची चकती जपानमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाली.

तांब्याच्या तारांच्या जागी आलेल्या फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे लाइनवरून येणारा धोका जवळपास संपला. पण ज्या टॉवरवर आपले मोबाइल चालतात ते इगतपुरी-त्र्यंबकच्या माथ्यांवर कातळात रोवलेले आहेत, आणि त्यांच्या पायाशी तोच खड्डा आहे. कोळसा-मिठाच्या जागी आता बेंटोनाइट भरतात इतकंच. त्या खड्ड्याचा रोध पावसाळ्यानंतर, जमीन ओली असताना मोजला तर आकडा छान येतो आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. मोजायचा तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मोजावा, पाणी न घालता. आणि आकडा वाईट आला तर वळिवाचा जोर वाढण्याआधी थोडे दिवस हाताशी असतात.