दोन गाड्यांमधली फट

अंगारकी चतुर्थीला कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीहून निघालेल्या गाड्या आंबा घाट उतरतात आणि हातखंबा, निवळी, जाकादेवी, चाफे असं करत गणपतीपुळ्याला पोचतात. रत्नागिरीकडून येणारे आरे-वारेचा समुद्रकाठचा रस्ता धरतात. दोन्ही वाटा डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात वसलेल्या एका लहान गावात येऊन मिळतात. अंगारकी असो की नाताळची सुट्टी, गावाच्या अलीकडे गाड्या तुंबतात. त्या रांगेच्या उजवीकडून, नाहीतर साइडपट्टीवरून दुचाक्या मात्र पुढे सरकत राहतात. एसी लावून बसलेला मोटारवाला त्यांच्यावर चिडतो. दुचाकीवर मागे बायको, पुढे पोर आणि डोक्यावर ऊन असलेल्या माणसाला मोकळी जागा दिसत असताना थांबायचं कशाला, हे समजत नाही.

वाहतूक अभियांत्रिकीत या मोकळ्या जागेचा गंभीरपणे अभ्यास झाला आहे. पाश्चात्त्य देशांतली जुनी गणितं एकामागे एक, मार्गिकेत चालणाऱ्या मोटारी गृहीत धरून मांडलेली होती. आपल्याकडे ट्रक, रिक्षा, एसटी, स्कूटर, सायकल एकाच डांबरावर असतात आणि मार्गिकेची रेघ कुणी फारशी पाळत नाही. अशा मिश्र वाहतुकीसाठी नायर, महमासानी आणि मिलर-हुक्स या संशोधकांनी 2011 मध्ये ‘सच्छिद्र प्रवाहा’चं प्रारूप मांडलं. वाळूच्या कणांमधून पाणी झिरपतं, तशी लहान वाहनं मोठ्या वाहनांमधल्या फटींतून झिरपतात. रस्त्यावर गाड्या वाढल्या की फटी अरुंद होत जातात. आधी ट्रक अडतो, मग मोटार, मग रिक्षा आणि सर्वांत शेवटी दुचाकी. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच क्षणी, मोटारीसाठी कोंडी असते आणि दुचाकीसाठी नसते.

ही फट वापरणं धोक्याचं आहे का? कॅलिफोर्नियात याचं मोठं मोजमाप झालं. बर्कली इथल्या विद्यापीठाने 2015 मध्ये अपघातात सापडलेल्या 5,969 मोटरसायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. त्यातले 997 जण अपघाताच्या वेळी गाड्यांच्या मधून जात होते. या गटात डोक्याला इजा झालेले 9 टक्के होते, बाकीच्यांत 17 टक्के. मृत्यूचं प्रमाण 1.2 टक्के विरुद्ध 3 टक्के. मागून धडक बसण्याचं प्रमाणही मधून जाणाऱ्यांत कमी होतं. तुलना अपघात झालेल्यांमधलीच असल्यामुळे मुळात अपघाताची शक्यता किती, हे या आकड्यांतून कळत नाही. पण एक अट ठळकपणे पुढे आली: दुचाकीचा वेग शेजारच्या गाड्यांपेक्षा ताशी 15 मैल, म्हणजे सुमारे 24 किलोमीटरहून जास्त नसेल, तोवर इजा कमी राहते. कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये कायदा करून या पद्धतीला मान्यता दिली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने 2014 मध्येच ताशी 30 किलोमीटरपर्यंत परवानगी दिली होती.

वेगाची ही मर्यादा कुठून येते, ते साध्या गणिताने कळतं. थांबलेल्या मोटारीचं दार अचानक उघडलं, तर ब्रेक दाबेपर्यंत स्वाराचा साधारण एक सेकंद जातो. ताशी 40 किलोमीटरला त्या सेकंदात दुचाकी 11 मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 12 मीटर घेते. एकूण 23 मीटर, म्हणजे पाच मोटारींची लांबी. ताशी 15 किलोमीटरला हेच अंतर जेमतेम सहा मीटर होतं. रस्त्यावर वाळू आली असेल किंवा पावसाने साइडपट्टीची लाल माती डांबरावर ओढली असेल, तर 40 च्या वेगाला 35 मीटरही पुरत नाहीत.

वेग फार कमी असला तरी अडचण येतेच. दुचाकी ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचं चाक वळवून ती सावरावी लागते. वेगात हे आपसूक होतं, अगदी हळू जाताना मात्र हँडल सतत डावी-उजवीकडे हलवावं लागतं. मागे माणूस आणि हँडलला नारळाची पिशवी असेल तर ही हालचाल आणखी वाढते. स्प्लेंडरचं हँडल 72 सेंटिमीटर रुंद आहे, पण रांगेतून रांगत जाताना तिला मीटरभर तरी वाट लागते.

ही मीटरभर वाट कोकणातल्या रस्त्यावर आहे का? कॅलिफोर्नियातला स्वार एकाच दिशेने जाणाऱ्या दोन रांगांच्या मधून जातो. इथे शेजारची रांग समोरून येणारी असते. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकांत दुपदरी रस्ता 7 मीटरचा आणि त्याखालचा, मधल्या दर्जाचा रस्ता 5.5 मीटरचा असतो. साडेपाच मीटरचा रस्ता घेऊ. अर्टिगाची रुंदी 1.735 मीटर, आरसे धरून दोनच्या वर. अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या की सव्वा मीटर उरतो, तोही तीन ठिकाणी वाटलेला: दोन्ही कडांना थोडा आणि मध्ये थोडा. एका बाजूला एसटी असेल तर कायद्याने बसची कमाल रुंदी 2.6 मीटर आहे, मग मध्ये जेमतेम हात जातो.

त्यामुळे इथल्या ज्या फटीतून दुचाकी जाते ती बहुतेक वेळा फट नसते, समोरून येणाऱ्याचा रस्ता असतो. तिथून दहा-वीस दुचाक्या पुढे गेल्या आणि वळणावर समोरून एसटी आली, की दुचाक्यांना मागे जाता येत नाही आणि एसटीला पुढे. मग एखादी मोटारही ‘दुसरी लाइन’ लावते आणि दोन्ही दिशा एकदम बंद पडतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये प्रवाहाच्या विरुद्ध गाडी चालवणं हे धोकादायक चालवणं म्हणून स्पष्टपणे नोंदलेलं आहे.

घाटातल्या वळणावर तर फट डोळ्यांदेखत मिटते. बस वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, आतून जातात. पुढच्या-मागच्या चाकांत साडेपाच मीटर अंतर आणि वळणाची त्रिज्या 15 मीटर धरली, तर मागचं चाक मीटरभर आत कापतं. बस उभी असताना तिच्या आतल्या बाजूला दिसणारी मीटरभर जागा, बस हलली की तिच्याच मागच्या चाकाखाली जाते. डावं वळण असेल तर चालकाला त्या बाजूचं नीट दिसतही नाही. वळणावरच्या बसच्या आतल्या बाजूला दुचाकी घालणं कोणत्याही वेगाला सुरक्षित नाही. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली 74,897 दुचाकीवरची होती.

तरीही दुचाकीला रांगेत मोटारीमागे उभं करणं हा उपाय नव्हे. बेल्जियममध्ये 2011 मध्ये ल्यूव्हन ते ब्रुसेल्स रस्त्यावरच्या वाहतुकीचं प्रारूप तपासलं गेलं. दर दहांतल्या एका मोटारीऐवजी मोटरसायकल आली, तर सगळ्यांचा मिळून वाया जाणारा वेळ बराच घटतो, असं त्यात दिसलं. फायदा मोटारवाल्यांनाही होतो, कारण पुढची रांगच आखूड होते. पण दुचाकी पुढे गेल्यावर तिला कुठेतरी बाहेर पडता आलं पाहिजे.

गणपतीपुळ्याचा खरा गळा वाहनतळाच्या तोंडाशी आहे. समजा, एक मोटार आत घेऊन पावती फाडायला 20 सेकंद लागतात. तासाला 180 मोटारी आत जातील. येणाऱ्या 240 असतील तर दर तासाला 60 गाड्या साठतात आणि प्रत्येकी सहा मीटर धरले तर रांग 360 मीटरने वाढते. दुचाक्या फटींतून पुढे येऊन त्याच तोंडाशी, त्याच पावतीसाठी उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला 10 सेकंद लागले, तर दर दोन दुचाक्यांमागे एक मोटार बाहेर थांबते. मागे मिळवलेला वेळ पुढे सगळ्यांच्या खिशातून जातो.

दुचाक्यांसाठी गर्दीच्या दिवशी गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या हाताला वेगळा तळ आणि वेगळी पावती ठेवली, तर हे गणित उलटतं. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाक्या मावतात, आणि तिथून देवळापर्यंत चालत जाता येतं. डावीकडे वळायचं असल्यामुळे समोरच्याच्या रस्त्यात शिरायचं कारणही उरत नाही. तैवानमध्ये सिग्नलपाशी मोटारींच्या पुढे दुचाक्यांसाठी आखलेले चौकोन असतात, मलेशियात फेडरल हायवेवर 1970 च्या दशकापासून त्यांची स्वतंत्र मार्गिका आहे. गणपतीपुळ्याला एवढं मोठं बांधकाम नको. चुन्याची रेघ, एक माणूस आणि पावतीपुस्तक पुरेल. मालगुंड, भंडारपुळे, नेवरे या गावांतल्या लोकांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे. पर्यटक वर्षातून एकदा या रांगेत अडकतो. या गावकऱ्यांना शाळा, बाजार आणि दवाखाना गाठायला दर सुट्टीत याच रस्त्याने दुचाकी काढावी लागते.