दोष एकट्या आईचा नसतो

फुलसावंगीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

मागं आमच्या मासिक बैठकीत एक ताई रडली. लेकराचे हातपाय सुजायचे, हाडं दुखायची. डॉक्टरांनी सिकलसेल सांगितलं. घरात बोलणं सुरू झालं, "हा रोग सुनेच्या माहेरचा."

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात. ठिबकच्या नळीत कचरा अडकावा, तशा बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळा येतात. चांगली पेशी सुमारे 120 दिवस जगते, वाकडी 10 ते 20 दिवसच. म्हणून अंगातलं रक्त कमी होतं.

हा आजार शिवल्यानं किंवा उष्टं खाल्ल्यानं होत नाही, जन्मतःच येतो. रक्ताचा हा गुण आपल्याला दोन वाट्यांनी मिळतो, एक आईकडून, एक बापाकडून. एकच वाटा सदोष असेल तर माणूस वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही, म्हणून माहीतही नसतं. दोन्ही वाटे सदोष असले, तरच आजार होतो.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात लेकरू आजारी निघण्याची शक्यता चारात एक. पहिलं आजारी, म्हणजे पुढची तिन्ही चांगली, हा हिशेब खोटा आहे. दर खेपेला शक्यता तेवढीच. एकच जण वाहक आणि दुसऱ्याचं रक्त निर्दोष असेल, तर लेकरू वाहक होण्याची शक्यता दोनात एक, पण त्याला सिकलसेलचा आजार होणार नाही.

विदर्भात आदिवासी आणि इतरही अनेक समाजांत हा आजार आहे. यात लाजायचं काही नाही. वाहकाला मलेरियाचा जोर कमी बसतो, म्हणूनच हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

वाहक मुलीचं लग्न अडवू नका. सोयरीक ठरवण्याआधी मुलगा-मुलगी दोघांचं रक्त तपासा. लग्न झालं असेल, तर दिवस गेल्यावर लगेच दोघांनी तपासून घ्या. जुलै 2023 पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. तपासणीसाठी आशाताईला विचारा. आजारी माणसानं भरपूर पाणी प्यावं, कडक उन्हात राबू नये, गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नयेत. ताप आला तर थांबू नये, दवाखाना गाठावा.

त्या ताईच्या नवऱ्यानंही रक्त तपासलं. तोही वाहक निघाला. घरातलं बोलणं थांबलं. आता लेकराला दवाखान्यात दोघंही घेऊन जातात.