छप्पर आपले, मीटर कोणाच्या नावावर?

ऑक्टोबर 1943 मध्ये, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत असताना, बाबासाहेबांनी विजेच्या प्रश्नावर भाषण केले. कारखानदारी वाढायची तर वीज मुबलक हवी आणि स्वस्त हवी, असा त्यांचा आग्रह होता. त्यातला ‘स्वस्त’ हा शब्द आम्हाला आज मुद्दाम आठवतो.

मार्च 2021 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने ग्राहकांना सूर्य-वाऱ्याची ‘हरित वीज’ मागण्याची सोय दिली, पण युनिटमागे 66 पैसे जादा मोजून. 80 युनिट जाळणाऱ्या घराला महिन्याला 52 रुपये 80 पैसे अधिक! ज्याला परवडते त्याने ती जरूर घ्यावी. धुणीभांडी करणाऱ्या भगिनीला ती घ्या म्हणून सांगायला आम्ही जाणार नाही.

तिच्यासाठी वाट छपरावरून जाते. केंद्राच्या 2024 च्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटच्या संचाला 30,000 रुपये अनुदान आहे. 2025 मध्ये राज्याने ‘स्मार्ट’ योजनेची जोड दिली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला आणखी 17,500, महिना शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या घराला 15,000 आणि इतरांना 10,000. संचाची किंमत सुमारे 50,000 धरली, तर आपल्या वाट्याला अडीच ते पाच हजार येतात. वीज मिळते महिन्याला सुमारे 120 युनिट. दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिले की सवलत गेली, ही भीती अजून ऐकू येते. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींत घेतले आहे, हे घरोघर सांगायला हवे. चाळी-इमारतींत मात्र गच्ची सगळ्यांची. तिथे सोसायटीने अर्ज केला तर सामाईक दिवे, पंप यांच्यासाठी किलोवॅटमागे 18,000 मिळतात.

एका रविवारी वंदना आटोपल्यावर आम्ही वस्तीतली विजेची बिले विहारात मागवली. एक आजी म्हणाल्या, “बाबा, रात्री सूर्य नसतो, मग दिवा कसा लागंल?” आम्ही सांगितले, दिवसा उरलेली वीज तारेतून बाहेर जाते, रात्री तारेतूनच येते, आणि दोन्हींचा हिशेब नवे मीटर ठेवते. आजींना पटले. मग त्यांनी बिल पुढे केले. नाव होते त्यांच्या सासऱ्यांचे, वारून वीस वर्षे झालेल्या.

पुढची बिलेही बरीचशी तशीच. कुठे आजोबा, कुठे घर विकून गेलेला जुना मालक. बिल वेळेवर भरायचे, नाव बदलायचे नाही, ही आपली जुनी खोड. मंजुरी मिळते मीटर ज्याच्या नावावर आहे त्याला. म्हणून आधी मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि घरपट्टीची पावती घेऊन नाव बदलून घ्या. संच त्यानंतर.

आजींच्या दोन मुलांची सहा वर्षे बोलाचाली नव्हती. संमतीच्या कागदावर सही करायला दोघे विहारात आले आणि एकाच चटईवर बसले. बोलले ते मीटरपुरतेच.