येळवशीचा एक दिवस आणि आहाराचा हिशेब

मार्गशीर्ष अमावस्येला आमच्या लातूर जिल्ह्यात गावेच्या गावे ओस पडतात. माणसे घरात नसतात, शेतात असतात. पंचांगात तिला दर्श वेळ अमावस्या म्हणतात. आमच्या तोंडी ती येळवस. कडब्याची कोप उभारायची, आत पांडव मांडून पूजा करायची आणि मग जेवण. सजगुऱ्याचे उंडे, भज्जी, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि माठातली आंबील. वाटसरू ओळखीचा असो वा नसो, त्याला जेवल्याविना पुढे जाऊ देत नाहीत. जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टीही असते.

अशा दिवशी, वहीत उष्मांक मांडून जेवणाऱ्या माणसाने काय करावे? हा प्रश्न काहींना हास्यास्पद वाटेल. परंतु मला त्याने एक वर्ष चांगलेच छळले आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. जे अनुभवले आणि त्यानंतर जे वाचले, तेवढेच येथे मांडतो.

आमच्या अण्णांना मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो असता डॉक्टरांनी मलाही काट्यावर उभे केले. वजन ८६ किलो. "वडिलांच्या वाटेने जायचे नसेल तर आत्ताच आवरा," एवढेच ते म्हणाले. दिवसाला १८०० उष्मांकांचा तक्ता मिळाला. गणेशोत्सव आटोपल्यावर मी नांदेडला वसतिगृहात वही घातली. मेसमधली पोळी, वरण, भात, सारे लिहू लागलो. तीन महिन्यांत ४ किलो वजन उतरले.

मग येळवस आली. गावी गेलो. पहिल्या उंड्यालाच मी हात आखडता घेतला, तशी आत्या म्हणाली, "वर्साचा सन हाय, आज काय मोजतूस रं?" मी वही मिटली आणि पोटभर, किंबहुना पोटाबाहेर जेवलो. दुसऱ्या दिवशी नांदेडला परतून काट्यावर उभा राहिलो, तो १ किलो ९०० ग्रॅम जास्त! तीन महिन्यांच्या कमाईपैकी निम्मी एका दिवसात गेली असे वाटले. वही ट्रंकेत टाकली. होळीपर्यंत वजन ८७ झाले होते.

माझी चूक नेमकी कोठे झाली? येळवशीला, की दुसऱ्या दिवशी? याचे उत्तर भावनेने नव्हे, आकड्यांनी शोधू.

उष्मांक म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या उष्णतेचे माप. आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती वस्तुतः किलोकॅलरी. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन सुमारे ४ उष्मांक देते, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९. ज्वारी-बाजरीचे पीठ १०० ग्रॅम घेतले तर साधारण ३५०, गूळ ३८०, तीळ व शेंगदाणे ५६० च्या आसपास, आणि तूप ९००. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांमध्ये असे आकडे मिळतात.

आता माझे ताट. तीन उंडे ५४०, दोन जाड तिळाच्या पोळ्या, तीळ, गूळ व कणीक मिळून, ११००, दोन वाट्या खीर ५००, वरचे तूप ३६०, भज्जी ६००, आंबील २५०, सकाळचा चहा-फराळ आणि संध्याकाळी घरी पुन्हा जे काही झाले ते ६५०. एकूण ४००० उष्मांक. अंदाज आहे, शे-दोनशे इकडेतिकडे होतील.

माझ्या शरीराचा रोजचा खर्च सुमारे २३००. म्हणजे एरवी दररोज ५०० ची तूट पडत होती आणि येळवशीला १७०० ची भर पडली. आठवड्याचा ताळेबंद असा: सहा दिवसांची तूट ३०००, त्यातून १७०० वजा, शिल्लक तूट १३००. नेहमीच्या आठवड्यात ती ३५०० असते. म्हणजे प्रगती मंदावली खरी, उलटली मात्र नाही. दुसऱ्या शब्दांत, त्या एका जेवणाने मला साडेचार दिवस मागे ठेवले. तीन महिने नव्हे.

मग काट्यावरचे १९०० ग्रॅम कोठून आले? एक किलो मेद म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. हा ढोबळ नियम मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ मध्ये पौंडाला ३५०० या रूपात मांडला. दीर्घ काळासाठी तो तंतोतंत लागू पडत नाही, कारण वजन घटते तसा शरीराचा खर्चही घटतो. एका दिवसाच्या अंदाजाला मात्र पुरेसा आहे. त्या हिशेबाने १७०० उष्मांकांचा मेद जास्तीत जास्त २२० ग्रॅम होतो. उरलेले वजन मेदाचे नव्हतेच. पिष्टमय अन्न भरपूर झाले की शरीर त्यातली साखर ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात आणि स्नायूंत साठवते, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. भज्जीतले मीठही पाणी धरते. शिवाय खाल्लेले अन्न आतड्यांतून पुढे सरकायचे असतेच. नेहमीचा आहार चालू ठेवला असता तर हे ओझे चार-पाच दिवसांत आपोआप उतरले असते. मी चार-पाच दिवस थांबलो नाही.

न थांबण्याचे कारण पोटात नसून डोक्यात होते. आपण आहाराकडे व्रत म्हणून पाहतो. चतुर्थीच्या उपवासात चुकून भाताचे एक शीत तोंडात गेले की उपवास मोडला; मग दिवसभर काही खाल्ले तरी दोष तेवढाच! मानसशास्त्रज्ञ हरमन आणि मॅक यांनी १९७५ मध्ये यासंबंधी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजून मग हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी, पोट भरल्यामुळे, आइस्क्रीम कमी खाल्ले. नेहमी मोजूनमापून खाणाऱ्यांनी उलट जास्त खाल्ले! नियम मोडला आहेच, मग आता काय राखायचे, असा त्याचा अर्थ लावला गेला. माझी ट्रंकेतली वही हा त्याच प्रयोगाचा नांदेडमधला पुरावा.

परंतु याचा अर्थ सणवार निरुपद्रवी असतात असा कोणी घेऊ नये. अमेरिकेत १९५ प्रौढांची वजने पाहून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील नाताळाच्या हंगामात सरासरी वाढ अर्धा किलोहूनही कमी होती, फक्त ३७० ग्रॅम. पण ती पुढच्या महिन्यांत उतरली नाही. वर्षानुवर्षे साचते ती हीच. आपल्याकडेही येळवस एकटी येत नाही. तिच्या आदल्याच दिवशी लोह्याच्या पुढे माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. मागून हुरड्याच्या पार्ट्या येतात, मग संक्रांतीचा तीळगूळ. प्रत्येक दिवस 'एकच दिवस' म्हणून येतो! आणि जो दर रविवारी अशी येळवस साजरी करील, त्याच्या हाती आठवड्याला ३५०० ऐवजी १३०० चीच तूट उरेल. वर्षातला एक दिवस वेगळा, सातातला एक वेगळा.

दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास करून फेड करावी, हाही मार्ग मला पटत नाही. एकदा तसा प्रयोग केला; रात्री मेस बंद झाल्यावर स्टेशनसमोर उभा राहून मिसळ-पाव खाल्ली. नेहमीचे जेवण नेहमीप्रमाणे घेणे हेच बरे.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. हे गणित वजनाचे आहे, मधुमेहाचे नव्हे. अण्णांच्या रक्तातली साखर आठवड्याची सरासरी पाहत बसत नाही. त्याच दुपारी चढते. त्यांनी काय व किती खावे, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचे.

गेल्या येळवशीला आम्ही पुन्हा कोपीत बसलो. अण्णांनी एक उंडा, भज्जी आणि बिनगुळाची ताकाची आंबील घेतली. खिरीची वाटी त्यांनी न बोलता माझ्याकडे सरकवली. ती त्यांना फार आवडते, हे मला ठाऊक आहे. मी ती खाल्ली, दुसरी घेतली नाही. रात्री वहीत ३१०० असा आकडा लिहिला. सकाळी नांदेडला आल्यावर काट्यावर चढलो नाही. मेसमध्ये दोन पोळ्या, वरण आणि भाजी घेतली आणि तेही लिहिले. पाचव्या दिवशी वजन केले. अमावस्येच्या आधी होते तेवढेच भरले.