आधी कुकर, मग रिंग!

मैत्रिणींनो, कुकरची रिंग आणायला निघताना आपण आधी काय बघतो? कुकर कोणत्या कंपनीचा नि किती लिटरचा! छान दिसली म्हणून भलतीच रिंग उचलली, तर घरी ती बसणार थोडीच? एवढं साधं शहाणपण, पण आमच्या घरात ते वेळेवर कुणाला सुचलं नाही.

आम्ही गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावचे. आमच्या धाकट्याला इलेक्ट्रॉनिक्सचा भारी नाद. "आई, गच्चीवरची टाकी भरली की घंटा वाजंल, असं यंत्र करून देतो," म्हणाला. मला तर ते हवंच होतं. उन्हाळ्यात टाकी वाहून गेली की जीव कसा हळहळतो! त्यानं कुठूनशी 'पिक' जातीची चिप मिळवली आणि खाऊच्या साठवलेल्या पैशांतून 'प्रोग्रॅमर' मागवला. पार्सल आलं, आणि तासाभरात पोरगं तोंड पाडून बसलं. "हा 'एव्हीआर' जातीच्या चिपसाठी आहे गं. मी घाईत बघितलंच नाही." दोन दिवस त्यानं त्या डब्याला हात लावला नाही. पैशांपेक्षा मला त्याचंच वाईट वाटलं.

मग मीच खनपटीला बसून त्याच्याकडून सगळं समजून घेतलं. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. आपल्या वॉशिंग मशीनमध्येही तो असतो. विकत आणतो तेव्हा त्याची पाटी कोरी असते. संगणकावर लिहिलेल्या आज्ञा त्या पाटीवर उतरवणारं साधन म्हणजे प्रोग्रॅमर. चिपच्या जाती वेगळ्या, तसे प्रोग्रॅमरही वेगळे. 'एव्हीआर'ला 'यूएसबीएएसपी' चालतो, 'पिक'ला 'पिककिट' लागतो.

तेव्हा तुमच्या मुलानं किंवा मुलीनं हट्ट धरला, तर एवढं ध्यानात ठेवा.

पहिल्यांदाच शिकत असेल, तर वेगळा प्रोग्रॅमर घेऊच नका. 'आर्डुइनो उनो'सारखा तयार बोर्ड घ्या. इटलीत 2005 साली विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेला हा प्रकार. यातल्या चिपमध्ये आज्ञा उतरवून घेण्याची सोय आधीच भरलेली असते; यूएसबीची वायर जोडली की काम भागतं. चुकलं तर पुसून पुन्हा लिहावं. अशी पाटी सुमारे 10,000 वेळा लिहिता येते! शक्यतो चिप सॉकेटमध्ये बसवलेला बोर्ड बघा, म्हणजे जळली तर तेवढीच बदलता येते. शिवाय पुढं हाच बोर्ड दुसऱ्या एव्हीआर चिपसाठी प्रोग्रॅमर म्हणूनही वापरता येतो.

पॉलिटेक्निकला '8051' शिकवत असतील, तर आधी सरांना विचारा. 'एटी89सी51' ही चिप सर्किटमधून काढून प्रोग्रॅमरच्या साच्यात बसवावी लागते. 'एटी89एस52' जागेवरच भरता येते. एका अक्षराचा फरक, पण खरेदी बदलते.

स्वस्तात मिळतो म्हणून प्रिंटरच्या रुंद पोर्टला जोडायचा जुना प्रोग्रॅमर घेऊ नका. आताच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. आणि चिप 5 व्होल्टची की 3.3 व्होल्टची, हेही बघून घ्या. कमी व्होल्टच्या चिपला जास्त दिलं तर ती जळायची.

आणि हो, घरातल्या 230 व्होल्टच्या लाइनला किंवा मोटारीला मुलांना हात लावू देऊ नका. ते काम वायरमनचं.

आमच्याकडं शेवटी उनो आला. पहिल्या संध्याकाळी नुसता एक लाल दिवा उघडझाप करायला लागला, तर पोरगं नाचायचंच बाकी राहिलं! आता टाकी भरली की घंटा वाजते नि मी उठून मोटार बंद करते. तो चुकीचा प्रोग्रॅमर? त्याच्या जातीची चिप मिळेपर्यंत कपाटात ठेवलाय. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. रिंग आहे, कव्हा तरी कुकर येईल!"