डॉकला लावताच टचपॅड बंद? आधी केबल काढून पाहा

धायरीत आमच्याकडे विद्यार्थी आणि पालक ऑनलाइन फॉर्म भरायला येतात. परवा एका मुलीच्या शिष्यवृत्ती अर्जाची शेवटची तारीख होती आणि लॅपटॉप डॉकिंग स्टेशनला लावताच टचपॅड बंद पडायचा. दुकानदाराने तिच्या अब्बांना सांगितलं होतं, पॅडच बदलावा लागेल. पॅड मात्र ठणठणीत होता.

म्हणून आधी डॉकची केबल काढा. पॅड चालू झाला, तर बिघाड पॅडमध्ये नाही. डॉकला माऊस किंवा त्याचा छोटा रिसीव्हर लावलेला असतो. माऊस दिसला की टचपॅड बंद ठेवायची सोय विंडोजमध्येच आहे. विंडोज ११ मध्ये कीबोर्डवर विंडोज आणि आय ही बटणं एकत्र दाबा, ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मधून ‘टचपॅड’मध्ये जा. तिथे माऊस जोडलेला असतानाही टचपॅड चालू ठेवण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा.

केबल काढूनही पॅड बंदच असेल, तर वरच्या ओळीतलं टचपॅडचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का, ते बघा. अपडेटनंतर बिघडलं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. नवा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून, आपल्याच मॉडेलचा घ्या. चार्जिंगला लावल्यावरच बाण उड्या मारत असेल, तर सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या.

त्या मुलीचा फॉर्म रात्री साडेदहाला भरला गेला. खर्च शून्य.